तोंड हुंगणारे पंच

मुलांनो, कोल्ही म्हणजे लबाड, हे तुम्हांला पाठ असेल. ते जरा बाजूला ठेवा आणि ऐका. पळसाच्या एका जंगलात एक तरुण कोल्ही आपल्या पिलासह राहत होती. उंदीर, खेकडे, झाडाखाली पडलेली बोरं यांवर तिचं भागत असे. पण त्या जंगलाची एक रीत होती. कुणाचं अंडं नाहीसं झालं, की जाणती मंडळी येऊन कोल्हीचं तोंड हुंगत. दुसऱ्या कुणाचं कधीच नाही!

ऐन उन्हाळ्यात टिटवीचं एक अंडं गेलं. लगेच म्हातारा वानर पंचांना घेऊन कोल्हीच्या बिळाशी हजर. "आ कर!" कोल्हीने आ केला. वास आला तो खेकड्याचा. "तोंड धुतलं असेल," वानर म्हणाला. कोल्हीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आजोबा, ही घोरपड बघा. ओठाला बलक लागलाय तिच्या. तिचं तोंड हुंगा की!" घोरपड पंचांच्याच ओळीत बसली होती. तिने झटकन जीभ आत ओढली. वानर खेकसला, "मोठ्यांना उलट बोलतेस? चांगल्या घरातली आहे ती!" आणि निवाडा झाला : आजपासून कोल्हीला पाणवठा बंद.

साऱ्या जंगलात पाणी उरलं होतं ते त्या एका डबक्यात. कोल्हीच्या पिलाची जीभ कोरडी पडली, डोळे मिटू लागले. ती पुन्हा पंचांकडे गेली. "मला नका देऊ. या लेकराला तरी घोटभर पिऊ द्या." "चोराचं पिलू चोरच निघणार," वानर म्हणाला आणि पाण्यात पाय सोडून ऐसपैस बसला.

मग कोल्हीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. सगळ्यांच्या देखत टिटवीचं उरलेलं अंडं उचललं, फोडलं आणि पिलाच्या तोंडात सोडलं. पिलाने डोळे उघडले. टिटवी मात्र ऊर फुटेस्तोवर रडली. तिचा बिचारीचा काय दोष होता? वानराला केवढा आनंद! "बघा! आम्ही म्हणत नव्हतो?"

"म्हणत होता ना, आजोबा," कोल्ही म्हणाली. "माझा जन्म झाल्यापासून म्हणत होता. त्यापेक्षा एकदा घोटभर पाणी दिलं असतंत, तर हिचं अंडं वाचलं असतं."

तात्पर्य : निरपराध्याला चोर ठरवून त्याचं पाणी तोडणाऱ्यांनी, पुढे त्याने चोरी केलीच, तर आधी स्वतःचं तोंड हुंगावं.