शिळेचा जबाब

एका राज्यात कायदा उदंड होता, निवाडा मात्र एकही नव्हता. कसा असणार? तिथल्या राजाच्या आज्यानं एका मांत्रिकाला मारून त्याचं सोनं लुटलं आणि त्या सोन्यानं न्यायासन मढवलं. मरता मरता मांत्रिकानं शाप दिला. तेव्हापासून त्या आसनावर बसणाऱ्याच्या तोंडून निवाडा म्हणून फुटेना. निवाड्याची वेळ आली की जीभ वळे ती एवढंच म्हणायला, "पुढल्या पौर्णिमेला या."

त्यातून तिथली रीत अशी, की ज्याच्यावर फिर्याद होई तो पळू नये म्हणून राजमांत्रिक त्याची शिळा करी. खटला संपला की माणूस मोकळा. पण खटला संपेल तर ना! कचेरीचं अंगण शिळांनी भरून गेलं होतं. कावळे त्यांच्या डोक्यावर बसत, आणि घरच्या बाया ओल्या फडक्यानं त्यांना पुसत.

त्या बायांतली एक कुसा. तिचा नवरा राणबा जोंधळ्याच्या शेताचा राखणदार. त्याच्या गोफणीनं राजाचा हंस मेला अशी फिर्याद झाली, तेव्हा तो पंचविशीचा होता. त्याला बावीस वर्षं उलटली. कुसाचे केस पिकले, दात हलू लागले. राणबाच्या दगडी मिशीचा पीळ तसाच होता. "माझ्या धन्यानं कधी मुंगी मारली नाही," असं ती ज्याला त्याला शपथेवर सांगे आणि हसणाऱ्याशी भांडे.

दर पौर्णिमेला सकाळी भालदार तीनदा पुकारा करी. न्यायाधीश शिळेला विचारी, "राणबा, गुन्हा मान्य आहे का?" शिळा काय बोलणार, कपाळ! शिरस्तेदार लिहून ठेवी, "आरोपी गप्प." मग पुढली पौर्णिमा. बावीस वर्षं हे चाललं आणि त्यात काही वावगं आहे असं एकाही शहाण्याला वाटलं नाही.

एका पौर्णिमेला मात्र कुसाचा तोल सुटला. "अहो सरकार, दगडाला काय विचारता? त्याला माणूस करा आणि मग विचारा की!"

शिरस्तेदारानं पोथी उघडली, पानं चाळली. म्हणाला, "तशी तरतूद आहे. आजवर कुणी मागितली नव्हती."

"मग मी मागते."

"तीन गोष्टी लागतील. मूळ फिर्याद, साक्षीदार आणि जामीन. घेऊन ये."

मूळ फिर्याद दफ्तराच्या तळघरात होती आणि दफ्तरावर नाग बसला होता. नाग म्हणाला, "वार सांग, तिथी सांग. चुकलीस तर डसेन." अगं बाई, ती चुकणार कशी! "श्रावण वद्य चतुर्थी, मंगळवार. चुलीवर भात होता. शिपाई आले तेव्हा तो करपला." नाग बाजूला सरकला.

साक्षीदार होती एक साळुंकी. ती सात डोंगरांपलीकडे बाभळीवर राहत होती. काट्याकुट्यांतून पाय फोडून घेत कुसा तिथं पोहोचली, तर साळुंकी तोंड फिरवून बसली. "तीनदा येऊन गेले मी. तीनदा परत पाठवलं. घोटभर पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. साक्षीदाराचे हाल कुत्रा खात नाही, बये."

कुसानं हात जोडले. साळुंकीला कीव आली. "येते. पण जे पाहिलं तेच बोलेन, तुला आवडेल ते नाही. चालेल?"

"खरं तेच हवंय मला," कुसा ठणकावून म्हणाली.

राहिला जामीन. आरोपीला माणूस करायचा तर त्याच्या जागी दुसऱ्यानं शिळा व्हायचं, अशी तिथली रीत. आरोपी पळाला तर जामीन कायमचा शिळा. कुसा दिराकडे गेली. त्यानं दाराला कडी घातली. भावाकडे गेली, त्याला एकाएकी परगावचं काम निघालं. मग ती एकटीच कचेरीत आली आणि म्हणाली, "मी राहते जामीन. माझा माणूस पळायचा नाही."

राजमांत्रिकानं पाणी शिंपडलं. कुसाचे पाय गार पडले, कंबर गार पडली, जीभ जड झाली. शिळेला पहिली पौर्णिमा सरेपर्यंत ऐकू येई, दिसे, मग तेही विझे. कुसाला अजून ऐकू येत होतं, दिसत होतं, पण पापणी हलेना.

समोर राणबानं डोळे चोळले. तोच पंचविशीचा. त्यानं तिच्याकडे पाहिलं. "ही म्हातारी कोण?"

"तुझी बायको," भालदार म्हणाला. "तुला जामीन राहिलीय."

राणबाचा चेहरा उतरला. मग त्यानं कचेरीच्या उघड्या दाराकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पावलं मोजल्यासारखं पाहिलं. आणि कुसाला दगडातल्या दगडात कळून चुकलं. निरपराध माणूस दाराकडे असं बघत नाही. ती घाबरली, संतापली. ओरडावंसं वाटलं तर तोंड नव्हतं.

"राणबा, गुन्हा मान्य आहे का?"

तो पुन्हा तिच्याकडे वळला. तिचे पिकले केस, काट्यांनी फुटलेले पाय त्यानं पाहिले.

"मान्य आहे," तो म्हणाला. "हंस आहे हे दिसत होतं. दाणे खात होता, मला राग आला, मी मारला."

"माझं काम उरलं नाही," साळुंकी म्हणाली.

शापाला उतारा एकच होता: त्या आसनासमोर कुणीतरी स्वतःचं नुकसान करणारं खरं बोलायला हवं. जिथं आरोपींना तोंडच नव्हतं तिथं ते बोलणार कोण? न्यायासनाचं सोनं पापुद्रे सुटून खाली पडलं, आत साधं लाकूड निघालं. न्यायाधीशाची जीभ सुटली.

"या गुन्ह्याला सात महिने राजबागेत पाणी वाहण्याची शिक्षा आहे. तू बावीस वर्षं उभा आहेस. शिक्षा भोगून झाली. जा."

मग एकामागून एक निवाडे झाले. अंगणातल्या शिळा हलल्या आणि आपापल्या माणसांना हाका मारू लागल्या. काहींना ओ मिळाली. पुष्कळांना मिळाली नाही.

कुसाच्या अंगात ऊब आली. "धनी, तुमच्यापायी गावभर खोट्या शपथा घेतल्या मी. तेव्हाच का नाही बोललात? सात महिन्यांत घरी आला असतात!"

"बोलणारच होतो," राणबा म्हणाला. "त्यांनी आधी शिळा केली, मग विचारलं."

कुसा कचेरीच्या पायरीवर बसली आणि पोटभर रडली. तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही हे त्याला कळेना. पुढं ती उठली, डोळे पुसून घराकडे निघाली. गावच्या वाटा बदलल्या होत्या, म्हणून तो तिच्या मागून चालला.