मोट भरू दे

“मग ‘सोड’ असं हाताला सांगतं तरी कोण, बाबा?”

विचारणारा तुकोजी गुरव. पंचक्रोशीत असा पखवाजी नाही, असं लोक म्हणत. आणि लोकांच्या आधी तो स्वतः म्हणे. पण अलीकडं वाजवता वाजवता त्याची उजवी मूठ वळायची, ती काही केल्या उघडायची नाही. उद्या देवीची जत्रा. वडिलांच्या जागेवर बसून वाजवायचं, नाहीतर ती जागा चुलतभावाला सोडायची. आजही तशीच वळलेली मूठ घेऊन, पखवाज खांद्याला अडकवून तो बाबांच्या मठीत आला होता.

डॉक्टरांनी त्याला सगळं नीट समजावलं होतं. डोक्यातून नसेवाटे हुकूम निघतो. पण नस मांसाला चिकटलेली नसते, मधे बारीकशी फट असते. नसेच्या टोकाला रसाचा थेंब सुटतो, फट ओलांडतो, आणि मांस आखडतं. नसेला एवढा एकच हुकूम येतो, ‘ओढ’. ‘सोड’ असा हुकूमच नाही.

मठीतल्या म्हाताऱ्या भिकोबांनी मान डोलावली.

“डॉक्टर खरं बोलला.”

“काल तर उलथन्यानं बोटं उचकटून पाहिली.”

“भाकरी हाय व्हय ती?”

“आन् मी दिवसभर हाताला सोड, सोड म्हणतो, ते?”

“त्याला ओढ ऐकू येत आसंल.”

तुकोजीनं मूठ मांडीआड लपवली.

भिकोबांनी ती हळूच काढून आपल्या तळहातावर घेतली, तान्ह्या पोराचं डोकं धरावं तशी. मग दारासमोरच्या विहिरीकडं बघत राहिले...

विहिरीवर आता पंप होता. पण देवाच्या नादी लागायच्या आधी भिकोबा इथंच मोट हाकत. पवळ्या आणि हौश्या, दोन बैल. पहाटे खाली पाण्यात मोट भरली आणि ते उतारावरनं चालू लागले, की तिचा दोर, नाडा, ताणायचा, चाक कुरकुरायचं, चामड्याची मोट वर यायची आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात धो धो पाणी पडायचं. हौश्या मोठा लबाड. गाणं थांबलं की तोही थांबायचा.

सांगता सांगता बाबा ते जुनं गाणं गुणगुणू लागले. त्यात शब्द थोडे, हाकाच फार.

तुकोजीला आपला आजा आठवला. त्याच्या खांद्यावर बसून पाहिलेली मोट, ओल्या चामड्याचा वास, थारोळ्यात सोडलेले पाय...

“मोट पुन्हा खाली कशी जायची रे?”

“आपल्याच वजनानं,” तुकोजी तंद्रीतच म्हणाला. “बैल मागं सरले, नाडा सैल झाला, की...”

गाणं थांबलं होतं.

त्यानं खाली पाहिलं. त्याची बोटं बाबांच्या तळहातावर उघडी पडली होती.

तो घाईघाईनं पखवाज पुढं ओढायला गेला.

बाबांनी पखवाजावर हात ठेवला.

“थांब. मोट भरू दे.”