कोरडा नमुना

“…पण ती काळी भुकटी पाइपात आली कुठून, ते सापडलं का?” दर्ग्याच्या ओट्यावर बसलेल्या कासिमबाबांनी विचारलं.

“सापडलं, बाबा.” राजाध्यक्षांचा आवाज जरा ताठ झाला. “सगळे बाहेरून आलेली घाण शोधत होते. बाहेरून काहीच आलं नव्हतं. आत ओल धरली आणि गॅसमधल्या गंधकाने पाइपच गंजून झडत गेला. हे मी एकट्याने ओळखलं.”

दर्ग्याच्या टेकडीखालून गॅसची ती पाइपलाइन जाते. राजाध्यक्ष तिचे तपास-इंजिनिअर. हुशार माणूस, आणि हुशारीची मस्तीही तेवढीच.

“मग इथं कशाला आलास, बेटा?”

“फिल्टर उघडताना आमचा फिटर भाजला. जालिंदर खरात. तिसऱ्या दिवशी गेला…”

बाबांनी हातातली माळ खाली ठेवली.

“ती भुकटी कोरडी असली आणि हवा लागली, की आपोआप पेटते. म्हणून झाकण काढण्याआधी पाणी मारतात. तो नळी घेऊन उभाच होता. ‘साहेब, पाणी मारू का?’ दोनदा विचारलं त्याने.”

“आणि तू?”

“नको म्हणालो. मला नमुना कोरडा हवा होता. माझं म्हणणं सिद्ध करायला…”

खाली माळावर कुणीतरी शेळ्या हाकत होतं.

“अहवालात काय लिहिलंस?”

राजाध्यक्षांना ते वाक्य पाठ होतं. “फिटरने पाणी मारले नाही, त्यामुळे भुकटी पेटली.”

“हं.”

“अहवाल मंजूर झाला. काल त्याचे वडील आले होते. म्हणाले, ‘पोराच्या हातून चुकी झाली साहेब, पदरात घ्या.’ माझ्या पाया पडले, बाबा! आणि मी… मी त्यांना उठवून चहा पाजला.”

एवढा मोठा साहेब, पण ओक्साबोक्शी रडला. ते बघवत नव्हतं.

बाबांनी त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. तो अर्ध्यावरच थांबला. मग त्यांनी तो मागे घेतला.

“त्या वाक्यात खोटं काय आहे?”

राजाध्यक्षांनी डोळे पुसले. मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

“काहीच नाही… शब्द न् शब्द खरा आहे.”

“तेच तर,” बाबा म्हणाले. “खोटं असतं, तर खोडता आलं असतं.”