ओलं सारवण

"उतरवू की जाळू, बुवा? एवढंच सांगा."

अन्वय कुलथे अख्खा डोंगर चढून आला होता, तो एवढं विचारायला. शनीकडे गेलेल्या बिनमाणसी यानाच्या मोहिमेचा हा प्रमुख. लहानपणी कोंडाजीबुवांच्या मठीत बाराखडी गिरवलेला. बुवांचं वय कुणालाच माहीत नाही. मठीमागचा वड त्यांना काका म्हणतो. मी स्वतः ऐकलंय, पण ते राहू द्या.

बुवा उंबऱ्याशी उकिडवे बसून सारवणाचा शेवटचा हात फिरवत होते. कोपरापर्यंत शेण.

"जाळायचं काय?"

"यान. इंधन एका वळणापुरतं उरलंय. उद्या सकाळी हुकूम पाठवायचा. शनीत लोटलं तर राख. त्याच्या चंद्रावर उतरवलं तर..." कुलथेचा आवाज खाली आला. "बर्फ आहे तिथं. बर्फाखाली समुद्र. आजवर कुणी टेकलेलं नाही. पहिला मी."

"तू?"

"म्हणजे यान. उभी हयात घातलीय त्यात."

"मग अडलंय कुठं?"

"नियम आडवा येतो. यानाला इथले जंतू चिकटलेले असतील. तिथल्या पाण्यात काही जिवंत असलं, तर त्याला बाधतील म्हणे."

"आहे का काही जिवंत?"

"कुणी पाहिलंय? म्हणून तर जाऊन बघायचंय. आणि शेवटचा शब्द माझा आहे, बुवा. मी उतरवा म्हटलं तर नियम बाजूला ठेवतील."

बुवा उठले. अंगणात शेळी बसली होती, तिला जरा सरकवून तिच्याशेजारी टेकले. ही शेळी एकादशी पाळायची. खोटं वाटत असेल तर सोडून द्या.



"पाणी मिळेल?" कुलथेचा घसा चढणीनं कोरडा पडला होता.

"आत माठ आहे."

माठ दारातून दिसत होता. चार पावलांवर. मधे हिरवी, ओली जमीन. तिच्यावर एकही ठसा नव्हता.

"तुम्ही प्यायलात?"

"नाही. वाळल्यावर पिईन."

"तहान नाही लागली?"

"लागलीय की."

कुलथे हसला. त्यानं बूट काढले, मोजे काढले, दोन्ही तळवे रुमालानं स्वच्छ पुसले.

"बघा. जंतूसुद्धा नाही."

त्यानं उजवा पाय उचलला. बुवांनी अडवलं नाही. शेळीनं मात्र मान वळवून पाहिलं.

पाय उंबऱ्यावर तसाच अधांतरी राहिला...

"उमटेल, नाही?"

"उमटेल."

"एवढं काय त्यात, बुवा. पुन्हा सारवता येईल की."

बुवा हातावरचं वाळलेलं शेण चोळून काढत होते.

"इथं येईल."