उलट्या बाजूची खाच

सगुणाबाईंचे यजमान जाऊन महिना झाला नव्हता, तोच फौजदारांनी भर दरबारात त्या दिवंगत यजमानांनाच चोर ठरवलं. यजमानांनी हौसेने जमवलेल्या घडीच्या चाकूंपैकी, टोकाशी पात्याची पाठ खोलगट उतरलेला चाकू फौजदारांनी उचलला.

"हा माझा, महाराज! वीस वर्षं खिशात होता. डोळे मिटून उघडेन."

सगुणाबाई पुढे आल्या. "मग उघडा ना, साहेब."

फौजदारांनी डोळे मिटले. अंगठा पात्यावर फिरत राहिला, पण नखाने ओढायची खाच सापडेना.

सगुणाबाईंनी चाकू घेऊन डाव्या हाताने अलगद उघडला.

"आमचे हे डावखुरे. कारागिराने घडवतानाच खाच उलट्या बाजूला पाडली. वीस वर्षांत, साहेब, तुम्ही एकदाही उघडला नाहीत?"