खिडकीबाहेर गेलेला दोरा

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याने नव्या गावी स्वतःचा दवाखाना थाटला. गावात दोन ग्रंथशाळा होत्या, दोन्ही सर्वांना खुल्या. रीतही एकच: पोथीत वनस्पतीचे नाव आले की तिथून एक दोरा निघे आणि त्याच वनस्पतीविषयीच्या दुसऱ्या पोथीला जाऊन मिळे. गुण एकीत, पथ्य दुसरीत, अपाय तिसरीत. दोरा धरून वाचत जायचे. रोग्यांसाठी विसंबायचे कोणत्या ग्रंथशाळेवर, एवढाच प्रश्न होता, आणि गुरुजी भेटीला येण्याआधीच शिष्याने तो सोडवून टाकला होता.

"थोरली, गुरुजी! अकरा हजार पोथ्या आहेत, सगळे दोरे रेशमाचे. धाकटीत जेमतेम तीनशे, आणि दोरे सुती."

त्याच्या हातात काढ्याचा तांब्या होता. गल्लीतल्या कासारणीला आठ दिवस खोकला होता, तिला तिसरा महिना चालू होता, आणि थोरलीतल्या पोथीने खोकल्यावर अडुळसा सांगितला होता. पहिलाच रोगी! शिष्याचे पाय जमिनीवर नव्हते.

"काढा देऊ सावकाश," गुरुजी म्हणाले, "आधी तुझी ग्रंथशाळा दाखव."

तिथे गुरुजींनी एकही पोथी वाचली नाही. अडुळशाच्या पोथीतून निघालेला, 'गर्भिणी' अशी चिठ्ठी लावलेला दोरा त्यांनी चिमटीत धरला आणि ते चालू लागले. तीन दालने ओलांडल्यावर दोरा एका रिकाम्या खुंटीला बांधलेला निघाला.

"इथली पोथी?"

"यायची आहे," ग्रंथपाल अदबीने म्हणाले.

"कधीपासून?"

"वडिलांच्या वेळेपासून."

शिष्याचे कान तापले. मग दोघे धाकटीत गेले, तर तिथला अडुळशाचा तसाच दोरा बाकाखालून सरपटत थेट खिडकीबाहेर गेलेला! गुरुजींनी धोतराचा काचा मारला आणि वयाला न शोभेल अशा चपळाईने खिडकीतून उडी टाकली. शिष्य तांब्या सावरत मागोमाग. दोरा गल्ली ओलांडून एका घराच्या दारावरच्या घंटीला बांधला होता. घंटी वाजताच सुईण ओले हात पुसत बाहेर आली.

"कोण अडलंय?"

"कोणी नाही, बाई. तिसरा महिना आहे, खोकला आहे. अडुळसा द्यावा का?"

"अगं बाई! पोटुशीला अडुळसा? गर्भाला धोका नाही का? कोणी सांगितलं हे?"

शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने तांब्या गटारात उपडा केला. कोमट पाण्यात मध द्या, मी येतेच तिला बघायला, असे सांगून सुईण आत गेली.

"गुरुजी, तुम्हांला ठाऊक होतं?"

"मला होतं. ग्रंथशाळेला आहे का, ते पाहायचं होतं. म्हणून उत्तर पक्कं ठाऊक असलेलाच प्रश्न आधी विचारावा. पोथ्या किती, हे कोणीही दाराशीच सांगतो. दोरा कुठे पोचतो, ते आपल्याच पायांनी पाहावं लागतं. थोरलीला सगळं आपल्याच घरात हवं, म्हणून ती खुंटी ठोकून बसली. धाकटीला आपलं अपुरेपण माहीत आहे, म्हणून तिनं शेजारणीच्या दाराशी दोरा नेला."

मधाने आणि सुईणीच्या देखरेखीने कासारीण आठवड्यात बरी झाली. शिष्याने धाकटीतून सुताचे एक रीळ मागून आणले आणि तिच्या खिडकीपासून आपल्या दारावर टांगलेल्या घंटीपर्यंत नवा दोरा ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घंटी खणखणली. तो धावत दाराशी गेला, तर समोर धाकटीचे ग्रंथपाल.

"काय झालं?"

"काही नाही. दोरा पोचतो का, एवढंच पाहिलं. रोज पाहतो."

आतून गुरुजी खो खो हसले, आणि तांब्या उपडा केल्यापासून पहिल्यांदाच शिष्यही हसला.

आता पोथ्या संगणकात गेल्या आहेत आणि दोरे डोळ्यांना दिसत नाहीत; तेव्हा कोणत्याही भांडारावर कोणाचा जीव सोपवण्याआधी त्यातला एक दोरा धरून शेवटपर्यंत चालून यावे.