शेवग्याच्या यादीतली शेवटची ओळ

विषय : बंगल्याच्या परसातील शेवग्याने, स्वतःच्या उपयोगांच्या यादीतून शेवटची ओळ वगळून मिळण्याबाबत केलेला अर्ज.

झाडांनाही अर्ज करावे लागत, त्या काळची हकीकत. परसात बंगल्यातल्या साहेबांचा हुकूम निघाला, की प्रत्येक झाडाने आपला उपयोग लेखी कळवावा. निरुपयोगी झाडे सरपणात जमा होतील. शेवगा मुळापासून थरथरला. त्याने लिहिले : शेंगा आमटीत, फुले भाजीत, पाल्यात लोह आणि चुना भरपूर.

"पुरे की आता," शेजारचा कढीलिंब म्हणाला. "मी नुसतं 'फोडणी' लिहिलंय."

पण भीतीला पुरे म्हणता येत नाही. शेवग्याने खाली जोडले : मुळीही झणझणीत. किसून आंबट शिरक्यात कालवली, तर साहेबांच्या विलायती मुळ्याची चटणी तिच्यापुढे फिकी पडेल.

यादी लगेच मंजूर झाली. शेंगांची कुणी चौकशीही केली नाही. तिसऱ्या दिवशी खानसामा खोडाला कुदळ टेकवून गेला.

"कुदळताई, मुळी काढल्यावर मी उभा राहीन ना हो?" शेवग्याने विचारले.

"ते माझ्याकडे येत नाही," कुदळ म्हणाली. "मला फक्त किती खोल जायचं ते सांगतात."

शेवग्याने त्याच दुपारी अर्ज केला. अर्ज मिळाल्याची पोच आली. सध्या तो विचाराधीन आहे. दरम्यान, बुंध्याभोवतीची माती पाणी घालून मऊ करून ठेवण्यात आली आहे.